मेडिकलच्या भिंतीवर माझं नाव

डॉक्टरांनी रबरी हातोडी माझ्या गुडघ्याखाली मारली आणि पाय हलला नाही. त्यांनी दुसऱ्यांदा मारली, मग दुसऱ्या पायावर मारली. मग हातोडी खिशात ठेवून त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "मागच्या पंधरा दिवसांत ताप, जुलाब असं काही झालं होतं?"

"हाव. नातेवाइकाच्या लग्नाहून आल्यावर चार दिवस जुलाब होते," मिलिंद म्हणाले.

"मग हे जीबीएस दिसतंय. गुलेन बॅरी सिंड्रोम."

नाव ऐकून मिलिंदच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. जुलाबाच्या जंतूंशी लढायला निघालेली प्रतिकारशक्ती वाट चुकते आणि आपल्याच नसांवरचं आवरण खाऊ लागते, उंदरानं वायरचं प्लास्टिक कुरतडावं तसं. पायात ताकद असते, पण मेंदूचा निरोप पायापर्यंत पोचत नाही. हे खालून वर चढतं. छातीपर्यंत चढलं तर श्वास थांबतो.

"आत्ता कुठपर्यंत आलंय?" मी विचारलं.

"मांड्यांच्या वर. हातांतही उतरतंय. आजच आयसीयूत घेऊ."

हे मी सविस्तर लिहिते आहे, कारण आमचे चार दिवस फुकट गेले होते. तुमचे जाऊ नयेत. मोताळ्याच्या बाजारातून मी भाजी घेऊन घरी आले तेव्हा शेजारीण हसून म्हणाली, "वो वैशालीताई, एक चप्पल कुठं टाकून आल्या?" माझ्या उजव्या पायात चप्पल नव्हती आणि मला त्याचा पत्ता नव्हता. आम्ही दोघी पोट धरून हसलो. दुसऱ्या दिवशी घरापुढच्या ओट्याची पायरी चढवेना. गावात ताकदीची इंजेक्शनं घेतली. चौथ्या दिवशी लेकीची वेणी घालताना हातातून कंगवा पडला आणि उचलता आला नाही, तेव्हा कुठे गाडी केली. दोन्ही पायांतली कमजोरी दिवसागणिक वर सरकत असेल तर ताकदीच्या इंजेक्शनांवर दिवस घालवू नका.

आता जे सांगायला मला लाज वाटते ते सांगते. बुलढाण्यात दवाखान्यांना तोटा नाही. आम्ही याच दवाखान्यात का गेलो? गाडीत बसताना मिलिंद ड्रायव्हरला म्हणाले होते, "आपल्याच मेडिकलच्या दवाखान्यात घे. ओळखीचं हाय, वाजवी लावतीन."

आपलं मेडिकल म्हणजे काय, तर त्या दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या औषध दुकानात माझं सर्टिफिकेट टांगलेलं होतं. मी डी. फार्म. झालेली आहे. आमच्या घराण्यात मुलींमध्ये पहिली. वडिलांनी ते सर्टिफिकेट आधी बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवून हात जोडले होते आणि मग मला दिलं होतं. लग्न झालं, लेक झाली, सासूबाईंचं दुखणं आलं आणि नोकरी काही झाली नाही. तेव्हा कोणीतरी सुचवलं की सर्टिफिकेट रिकामं कशाला ठेवता, भाड्यानं द्या. दुकानाच्या परवान्याला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, दुकानात मात्र दुसरंच कोणी बसतं. आमच्याकडे हे घराघरांत चालतं. डी. फार्म. झालेल्या सुनेला तर लोक आडून विचारतातच, "सर्टिफिकेट कुठं लावलं?" मीही लावलं. नावाचा शिक्का, सहीचा शिक्का, सगळं देऊन आले.

महिन्याला भाडं यायचं. तपासणी असली की दुकानमालकांचा फोन यायचा, "ताई, उद्या दोन तास येऊन बसा." मी पांढरा एप्रन घालून काउंटरमागे बसायचे, औषध निरीक्षकांशी दोन शब्द बोलायचे, चहा प्यायचे आणि एसटीनं परत यायचे. वर्षातून दोन तासांची फार्मासिस्ट! मिलिंद मला त्यावरून चिडवायचे. सर्टिफिकेटवर माझं माहेरचं नाव आहे, कु. वैशाली भीमराव तायडे. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी त्या भिंतीवर मी कुमारीच होते.

आयसीयूत पहिल्या दिवशी दोन तपासण्या झाल्या. एक लंबर पंक्चर, म्हणजे कमरेच्या मणक्यात सुई घालून आतलं पाणी काढायचं. कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्यावे लागतात. माझे दोन सिस्टरांनी घेतले. दुसरी नर्व्ह कंडक्शन स्टडी. नसेला विजेचा बारीक झटका देऊन निरोप किती वेगानं जातो ते मोजतात. झटके दुखतात. मला पायाला दुखले नाहीत आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

उपचार एकच ठरला. आयव्हीआयजी. लोकांच्या रक्तातून वेगळी काढलेली प्रतिकारद्रव्यं सलाईनमधून सोडतात. पाच दिवस, रोज ठरलेल्या बाटल्या. औषध फार महाग. डॉक्टर म्हणाले, "कोर्स पूर्ण करायचा. मध्ये थांबायचं नाही." पैशांचं विचारलं तर म्हणाले, "औषधांचं खाली मेडिकलला बोला."

मिलिंद खाली गेले आणि हसत वर आले. दुकानमालकांनी, त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मिलिंदना खुर्ची दिली होती. भाऊ म्हणाले होते, "ताई घरच्या हायेत. त्यायच्याकडून फक्त सरकारी भाव घेतो, एक रुपया वर नाही."

हे औषध सरकारनं किंमत बांधून दिलेल्या यादीत आहे. त्या भावाच्या वर एक रुपयाही कोणाकडूनच घेता येत नाही, घरच्याकडूनही नाही आणि दारच्याकडूनही नाही. मला हे परीक्षेत आलं होतं आणि मी बरोबर लिहिलं होतं. तरी त्या दिवशी मी मिलिंदना म्हटलं, "भाऊंचे उपकार आहेत." कायदा आमच्याकडे सवलत म्हणून आला आणि आम्ही तो हात जोडून घेतला.

तिथली रीत अशी होती. औषध नातेवाइकाच्या हाती देत नसत. खालीच खोक्यातून काढून ट्रेमध्ये परस्पर वर येई. नातेवाइकाच्या हाती फक्त बिल. खोकं नाही म्हणजे छापील किंमत नाही. मी बिल मात्र रोज डोळ्यांसमोर धरायला लावायचे. बॅच नंबर आणि एक्स्पायरी पाहिल्याशिवाय औषध अंगात जाऊ द्यायचं नाही, कॉलेजची एवढी एकच सवय माझ्यात उरली होती.

शेजारच्या खाटेवर कावेरी होती.

वीस वर्षांची, संग्रामपूरकडची, कॉलेजात शिकणारी. तिलाही जीबीएसच. माझ्यानंतर काही तासांनी आली. दोघींच्या मध्ये एक हिरवा पडदा होता आणि तो सिस्टर बहुधा बाजूला सारून ठेवत. आम्ही दोघी छताकडे बघत बोलायचो, कारण मान वळवायला जड जायची. तिनं विचारलं, "ताई, तुमी काय शिकेल हा?" मी सांगितलं. ती खूश झाली.

"मंग तुमाले समजते हे सारं! किती दिवस देतेत हे?"

"पाच दिवस."

"पाच झाले का उठतो आपण?"

"हळूहळू," मी म्हटलं.

तिचे वडील गिरणीवाले. गावात त्यांची पिठाची गिरणी होती. घाईनं आलेले, भुवयांत आणि कानांच्या पाळ्यांवर पीठ तसंच. बुलढाण्यात दोन दिवस राहूनही ते पीठ गेलं नव्हतं. भेटीच्या वेळात आत येत, लेकीच्या पायांना तळव्यापासून वरपर्यंत हात फिरवत आणि वेळ संपली की बाहेर जात.

तिसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्या खाटेशी आले. मिलिंद जेवायला गेले होते. "बाई, कावेरी म्हने तुमी औषधाचं शिकेल हा. हे बिल पाहा बरं जरा. मले तं काई समजून नाई राह्यलं."

माझे हात उठत नव्हते. त्यांनी बिल दोन्ही हातांनी माझ्या तोंडासमोर धरलं. औषध तेच. बॅच नंबर तोच, सकाळी माझ्या बिलावर पाहिलेला, शेवटच्या अक्षरापर्यंत तोच. एका बाटलीचा भाव माझ्या जवळजवळ दुप्पट. आणि खाली, नोंदणीकृत फार्मासिस्ट, कु. वैशाली भीमराव तायडे. त्यावर निळ्या शाईचा माझ्या सहीचा शिक्का.

"भाव बरोबर हाय काय?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा बॅच नंबरच वाचत राहिले.

"हे तायडे बाई कोन हायेत? खाली दिसल्या नाईत. यायले एकडाव भेटतो म्हनतो. हातपाय जोडतो, थोडं कमी करा म्हनतो. बाईमानूस हाय, आयकन."

मला बोलता येत होतं. हे मी मुद्दाम लिहिते, कारण पुढे कित्येकांनी माझ्या वतीनं हे कारण पुढे केलं की तिला तेव्हा बोलताच येत नव्हतं. येत होतं. आवाज बारीक झाला होता, पण पाणी मागत होते, लेकीशी फोनवर बोलत होते. एक वाक्य पुरलं असतं. काका, खाली जाऊन सरकारी भावाची यादी दाखवा म्हणा. प्रत्येक दुकानात ती लोकांना दिसेल अशी ठेवायची असते. एवढंच.

माझे तीन डोस झाले होते, दोन बाकी होते. भाऊंना दुखवून चालणार नव्हतं. आणि नाव माझं होतं.

मी म्हटलं, "मला नाही माहीत."

त्यांनी बिलाची नीट घडी घातली, बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं आणि "बरं बाई" म्हणून गेले.

चौथ्या दिवशी सकाळी माझी बाटली लागली. कावेरीची लागली नाही. दुपारी तिला स्ट्रेचरवर घेतलं. काकांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, पैशांची सगळी खटपट करून पाहिली होती, आता ते तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात नेणार होते. डॉक्टरांनी कागदावर लिहून घेतलं की नातेवाईक स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहेत. स्ट्रेचर माझ्या खाटेजवळून वळवताना जरा अडकलं. कावेरीचं तोंड तेव्हा एका बाजूनं ओघळलं होतं, शब्द जड येत होते.

"ताई, अजून दोन राह्यले ना माहे?"

मी "हो" म्हटलं. ते तिला ऐकू गेलं की नाही, मला ठाऊक नाही.

माझे पाच दिवस पूर्ण झाले. सातव्या दिवशी उजव्या हाताचा अंगठा हलला. मिलिंद रडले, सिस्टरनं सगळ्या वॉर्डला बोलावून अंगठा दाखवला. दोन-दोन तासांनी मला कुशीवर वळवणाऱ्या, पाठीला फोड येऊ न देणाऱ्या त्या सिस्टरांचे पाय धरावेत इतके उपकार माझ्यावर आहेत. डॉक्टरांचेही आहेत. औषध खरं होतं, उपचार खरे होते. मी त्यांच्यामुळे जिवंत आहे आणि हेही मला लिहिलंच पाहिजे.

घरी आल्यावर फिजिओथेरपी सुरू झाली, म्हणजे निजलेल्या स्नायूंना पुन्हा कामाला लावायचा व्यायाम. फिजिओथेरपिस्ट बाई मोठ्यानं मोजायच्या. पाय वर, एक, दोन, तीन. तिथे माझा पाय खाली यायचा. त्यांना वाटायचं ताकद कमी आहे. "वैशालीताई, पाचापर्यंत धरा." मी धरायचे नाही. पुढचे दोन आकडे ऐकवत नसत. लेक पाढे म्हणायला लागली तर मला उठून जाता येत नसल्यानं मी तिलाच बाहेर जा म्हणायचे. आंघोळीला बसले, भाजी निवडायला बसले, टीव्हीसमोर बसले की भरदिवसा कावेरीचा तो जड झालेला आवाज यायचा. रागाचा नव्हता. पेपरात दोन प्रश्न सोडवायचे राहिले असं एखादी मुलगी सांगते, तसा होता.

महिनाभरानं मी आयसीयूतल्या एका सिस्टरांना फोन करून कावेरीचं विचारलं. त्या आधी टाळत होत्या. मग म्हणाल्या, "ती गेली ताई. तिकडं व्हेंटिलेटर लावलं होतं. दुसऱ्या आठवड्यात गेली."

पुढच्या तपासणीला गेले तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं. "तिला पाचही डोस मिळाले असते तर?"

ते बराच वेळ माझे गुडघे तपासत राहिले. मग म्हणाले, "हे कोणीच सांगू शकत नाही. पाच घेऊनही काही रुग्ण जातात, तीन घेऊनही काही वाचतात. तुम्ही असा हिशेब करत बसू नका."

त्यांनी ते दिलासा म्हणून सांगितलं. माझं मात्र त्यानं जास्तच बिघडलं. तिच्या मरणाला मी कारण आहे असं कोणी ठामपणे म्हटलं असतं तर मी कोसळून तरी पडले असते. नाही म्हटलं असतं तर झोपले असते. आता मी दोन्हींच्या मधे लोंबकळत होते. दर महिन्याच्या पाच तारखेला भाडं जमा झाल्याचा मेसेज येतच होता.

काठी घेऊन चालता यायला लागल्यावर मी मिलिंदना म्हटलं, "मला संग्रामपूरकडे न्या. काकांना भेटायचंय."

"भेटून काय करशीन? गेलेली पोरगी वापस येईन काय?"

"बिलं मागायची आहेत. माझं बिल आणि त्यांचं बिल, एकाच बॅचचे दोन भाव. तक्रार करायची आहे."

मिलिंद पहिल्यांदा माझ्यावर ओरडले. "डोकं ठिकाणावर हाय का? नाव तुह्यं हाय त्याच्यावर! काऊन स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेऊन राह्यली? पोरीच्या शाळेत काय सांगशीन, माय जेलात गेली म्हून?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "मी बी भाडं खाल्लं न वैशाली. मले नाई समजत का? पन आता गप राह्य."

दोन आठवडे आम्ही एकमेकांशी जेवण आणि औषधांपुरतं बोललो. मग एका रविवारी त्यांनी न बोलता मोटारसायकलच्या मागच्या सीटवर उशी बांधली, मला नीट बसता यावं म्हणून.

गिरणी सापडायला वेळ लागला नाही. काका एकटेच होते. मला त्यांनी ओळखलं आणि माझ्याकडे, माझ्या पायांकडे, काठीकडे पाहिलं. "उठल्या तुमी," म्हणाले. पोतं झटकून बसायला दिलं. मी बसले नाही. बसले असते तर बोलता आलं नसतं. मी म्हटलं, "काका, त्या बिलावरच्या तायडे बाई मीच. ते माझं माहेरचं नाव आहे. मी त्या दुकानात कधी बसले नाही, पण नाव भाड्यानं दिलं होतं. तुम्ही विचारलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. भाव चुकीचा आहे हेही माहीत होतं."

काका वळले आणि गिरणीचं बटण दाबलं. वरच्या कोठ्यात दाणा नव्हता. मोकळी गिरणी कोणी चालवत नाही, दगडावर दगड घासून खराब होतात, हे गिरणीवाल्याला मी काय सांगणार? तो आवाज पायांतून वर येत होता. माझ्या पायांना तो कळत होता. मिलिंद दारात उभे होते, त्यांनी मला हात देऊ केला, मी घेतला नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग काकांनी गिरणी बंद केली.

"रस्त्यानं गाडीत तिनं तुमचं नाव घेतलं होतं," ते म्हणाले. "मले म्हने, बाबा, तिथं औषधाचं काई अडलं तं बाजूच्या ताईले फोन लावा. तिले समजते त्यातलं."

आत जाऊन त्यांनी एक पिशवी आणली. कावेरीची फाईल, तीन दिवसांची तीन बिलं. मोजून माझ्या हातात दिली. पाणी विचारलं नाही आणि ते बरोबरच होतं.

औषध निरीक्षक साहेबांनी त्यांच्या कार्यालयात माझं आणि कावेरीचं बिल शेजारी ठेवून बराच वेळ पाहिलं. माणूस शांत होता. म्हणाले, "मॅडम, आधी समजून घ्या. किंमत बांधलेलं औषध जास्त भावानं विकणं हा जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली फौजदारी गुन्हा आहे. तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे त्याला. जादा पैसे परत केले म्हणून तो मिटत नाही. आणि परवान्यावर जबाबदार व्यक्ती म्हणून तुमचं नाव आहे. हा जबाब तुम्ही दिलात तर तुम्ही तक्रारदार राहणार नाही, आरोपी व्हाल."

"लिहा," मी म्हटलं.

"घरी विचारून या हवं तर."

"हे काय बाजूलाच बसलेत."

मिलिंदनी मान डोलावली. साहेबांनी कागद ओढला. दुकानाची तपासणी झाली, खोकी जप्त झाली, छापील किमतीसकट. त्या बॅचची बाटली किती जणांना कोणत्या भावानं गेली ते बाहेर आलं. सगळ्या बिलांवर माझ्या सहीचा शिक्का. कावेरी एकटी नव्हती. ती सगळी नावं मी वाचली नाहीत. वाचायला हवी होती, पण हिंमत झाली नाही.

भाऊ घरी येऊन गेले. माझ्या पाया पडायला वाकले, मग उठून म्हणाले, "ताई, तुमाले सरकारी भावात दिलं, त्याचे हे पांग फेडले तुमी?"   काकांकडेही ते गेले होते, जादा घेतलेले पैसे परत करतो म्हणाले. काकांनी घेतले नाहीत असं कळलं.

तुमच्यापैकी कोणावर अशी पाळी आली तर माझं एवढं ऐका. औषध ट्रेमधून वर जाऊ देऊ नका, खोक्यासकट हातात मागा. छापील किंमत, बॅच आणि बिल एकमेकांशी लावून बघा. भावाची यादी काउंटरवर मागा, ती दाखवणं ही दुकानाची मेहरबानी नाही. बिलावर फार्मासिस्टचं नाव असतं, तो माणूस समोर आहे का ते विचारा. आणि माझ्यासारख्या डी. फार्म. झालेल्या मुलींनो, सुनांनो, भिंतीवरचं ते सर्टिफिकेट उतरवून आणा. आजच आणा. आपण तिथं नसतो, पण आपलं नाव दिवसभर उभं असतं आणि त्याच्याकडे आशेनं बघणारी माणसं असतात.

मागच्या महिन्यात बुलढाण्याच्या कोर्टात आमच्यावरचे आरोप वाचून दाखवले. वकील चांगले मिळाले आहेत. त्यांनी बाहेर पायऱ्यांवर मला पढवलं होतं. "तुम्ही गावी होता, आजारी होता, शिक्का तुमच्या हातानं मारलेला नाही. सगळं मालकावर जातं. आत फक्त दोन शब्द म्हणायचे, कबूल नाही. बाकी माझ्यावर सोडा. सुटाल तुम्ही." ते खोटं सांगत नव्हते. बहुतेक सुटलेही असते.

आरोपी क्रमांक एक म्हणून भाऊंचं नाव पुकारलं. ते उभे राहिले, हात जोडून म्हणाले, "कबूल नाही साहेब."

मग माझं नाव पुकारलं, माहेरचं, कुमारीसकट. काठी मी बाकाला टेकवून ठेवली आणि उठले. पिंजऱ्याचा कठडा धरला तेव्हा तळवे घामेजलेले आहेत हे मला कळलं. महिनोन्‌महिने तळव्यांना काही कळत नव्हतं.

"तुमच्यावरचा आरोप समजला? तो तुम्हाला कबूल आहे का?"

वकील माझ्याकडे बघत होते. मिलिंद भिंतीशी लेकीचा हात धरून उभे होते. तिला आणू नका म्हटलं होतं, तरी आणलं होतं. नंतर म्हणाले, दुसऱ्याकडून ऐकण्यापेक्षा तिनं तुह्याकडून ऐकलेलं बरं.

"कबूल आहे," मी म्हटलं.

वकिलांनी फाईल मिटली. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि सावकाश विचारलं, "समजून सांगताय ना? कोणाचा दबाव? शिक्षा होऊ शकते."

"दबाव नाही साहेब. मला बोलता येत होतं आणि मी बोलले नाही. तेवढं पण लिहून घ्या."

"ते आरोपात नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे साहेब."

पुढची तारीख पडली. शिक्षा काय ते तेव्हा कळेल. मी वळले. मागच्या बाकावर काका बसले होते, धुतलेले कपडे, भुवया स्वच्छ. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते उठले, टोपी नीट केली आणि गाडी सुटेल म्हणून बसस्टँडकडे निघून गेले. त्यांनी मला माफ करावं म्हणून मी हो म्हटलं नव्हतं. तरी मागोमाग बाहेर येऊन, ते रस्त्याच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी कोर्टाच्या पायरीवर, काठीशिवाय, उभी राहिले.